एकशे बहात्तर

सीताबर्डीच्या फुटपाथवरून दीडशेत आणलेला कीबोर्ड.
'ळ' अडकतो त्याचा. परवा एका पत्रिकेत
'मंगळवार' 'मंगवार' होऊन छापून गेला,
लग्नघरचे भांडायला आले.

वरच्या ओळीत मात्र सात बटनं जास्तीची:
त्रिकोण, दोन उभ्या रेघा, लहान-मोठा भोंगा,
कोपऱ्यात गाण्याची खूण.
सगळी मुकी.

मुकी नाहीत ताई, इरफान म्हणाला,
आकड्यात बोलतात.
मोमीनपुऱ्याहून तो फक्त कटिंग मशीनवर बसायला येतो,
पण ती दुपार त्यानं त्या ओळीवरच घालवली.
एकेक दाबायचा, पडद्यावर आकडा उमटायचा.
त्रिकोणाचा एकशे बहात्तर.
आकडा निघत होता, घर ठाऊक नसलेल्या पोस्टमनसारखा
मशीनभर हिंडत होता,
कोणी दार उघडत नव्हतं.
"किसी को बोलना पडता ना, के ये आया तो उठो."
त्यानं लिहून ठेवलं. दाबलं.
गाण्याची खूण जागी झाली आणि प्लेअर उघडला,
जशी काही त्याची ती नेहमीचीच वाट.

तेव्हापासून बाबा इथे बसतात.
चाळीस वर्षं गोळीबार चौकात माग.
कान त्या खटखटीतच गेले,
म्हणून मोठा भोंगा आधी, मग त्रिकोण.
माउसला हात लावत नाहीत. "उंदीर कायले पकडू मी?"
बटन समजतं त्यांना.
पायाखालच्या पावड्यासारखं,
दाबलं की कुठंतरी काहीतरी वर उचललं जातं.

एकच फाइल ऐकतात.
भाऊबीजेनंतरच्या मंडईतली खडी गंमत,
कोणीतरी टेप करून ठेवलेली. मधे मधे कुत्रं भुंकतं.
सदाशिव निनावे सवाल टाकतो:
पाण्याले गाठ कोन मारली?
डफ. हशा. मग बाबांचा बावीस वर्षांचा आवाज,
फुशारकीत:
गारीनं मारली, गारीनं!

आता तिथवर जातच नाहीत ते.
सवाल संपला की अंगठा त्रिकोणावर.
थांबा.
कूलर घरघरतो, वाळ्याचा ओला वास,
मी नवरदेवाच्या नावाखाली रेघ मारत असते.
मग स्वतः जवाब देतात, हळू, रोज वेगळा.
एकदा म्हणाले, धरनानं.
एकदा, तुह्या आईनं, पदराले.
जमला नाही तर मागचं बटन, एकशे त्र्याहत्तर:
सदाशिवले पुन्हा विचारायला लावतात.
तोही बिचारा विचारतो, तेवढ्याच उत्साहात,
सोळा वर्षांपूर्वी गेलेला माणूस.

काल नवतपाचा चौथा दिवस.
सवाल पडला आणि लाईन गेली.
पडदा काळा, कूलरचं पातं
उगीच दोन गिरक्या मारून गप्प.
शटर अर्धं खाली होतं, आत अंधार.
बाबांचा अंगठा त्रिकोणावर तसाच.
दाबला. पुन्हा दाबला.

बाबा, लाईन नाही, मी म्हटलं.
त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे.
"नाई माईत रे सदाशिवा," ते म्हणाले,
"आता तूच सांग."

आणि दोघंही थांबले.
मी 'ळ' चाचपत बसले, अंधारात,
अडकलेला.