निशाणी तेवीस

निकालानंतर टॉवेल कोर्टातून परत आला.
लाखेचं सील, सुतळी, कारकुनाची सही.
निशाणी तेवीस.

सहा वर्षांपूर्वी अण्णांनी तो बादलीत बुडवला,
पाणी कुंकवासारखं झालं.
सूतवाला म्हणाला, खोट तुमच्या पाण्यात. बिल भरा.

मग तारखा.
वकिलांपायी चार माग भंगारात,
यल्लव्वा वहिनीच्या पाटल्या त्याच वाटेने.
उरलेल्या आठांवर रात्रपाळी.
खटाखटीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे,
बरंच होतं ते.

आज अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये अण्णांनी सील तोडलं.
पेढे आणू का, विचारलं,
तर म्हणाले, "आधी बादली."

आम्ही सगळे वाकून बघत राहिलो.
पाणी हळूहळू लालसर.
"अजून सुटतोय,"
जणू निकालपत्रावर भरवसाच नव्हता.
मग तेलुगूत काहीतरी पुटपुटले.
साक्षीच्या पिंजऱ्यात सगळं मराठीतच बोलले होते.

टॉवेल पिळून मागाच्या दांडीवर टाकला.
कोपऱ्यात नव्या व्यापाऱ्याचा गठ्ठा होता, न सोडलेला.
त्यातली एक लडी ओढून काढली,
दुसऱ्या बादलीत सोडली,
आणि मला म्हणाले,
"घड्याळ बघ."