दोन ग्रॅम

लर्विकच्या ग्रंथालयातून छापून आणली
दोन्ही पत्रं. एकेकच पान.
ॲबर्डीन: रात्री बोटीत झोपलं की सकाळी तिथे.
ग्लासगो: त्याच्याही पुढे आगगाडी,
आणि फलाटावर ओळखीचं कुणी नाही.

भूगर्भशास्त्र दोन्हीकडे उत्तम.
शिष्यवृत्ती दोन्हीकडे, पाऊसही.
ऑस्ला आत्या म्हणाली, नाणं उडव.
उडवलं. फ्रिजखाली गेलं.

मग उगाच, गंमत म्हणून
आईच्या केकच्या काट्यावर ठेवले कागद.
ॲबर्डीन पाच ग्रॅम.
ग्लासगो सात.

एकाच गठ्ठ्यातले कागद, मग हे कसं?
ग्लासगो उचललं. घड्या मऊ पडलेल्या,
कडेला मिठाची पांढरट रेघ,
वास शिंपल्यांचा.

आठवडाभर बाबांचं एकच,
"ॲबर्डीन बरं. मनात आलं की घरी."
आणि हा कागद धक्क्यावर
कुणाकुणाला दाखवत फिरले होते
ओल्या खिशातून?

विचारलं नाही.
होता तसा चुंबकाखाली लावून ठेवला.
रात्री ते शिंपल्यांचे दोर सांधत बसले होते.
म्हटलं, ग्लासगोला वारा कमी असतो म्हणे.
"असेल," म्हणाले,
आणि चाळीस वर्षांची सवयीची गाठ
पुन्हा सोडवून घातली.