डाग

डिसेंबरात माझा फोन पहाटे साडेपाचलाच सुरू होतो.
निफाडचा पारा पाचावर येतो
आणि इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत
सगळ्या बाथरूमांना एकदम माझी आठवण येते.
कॉइल जळालीय. थर्मोस्टॅट उडालाय. टाकी ठिबकतेय.
बोअरचं पाणी; क्षार असा चढतो कॉइलवर
की कुणी सावकाश चुना लावत बसलंय तिला.
मे महिन्यात सांगितलं होतं, सर्व्हिस करून घ्या.
कोण घेतं.
उन्हाळ्यात गिझर, आणि वर्षभर म्हातारे,
चालू आहेत असंच धरतात लोक.

तांबट लेनमधून फोन आला तेव्हा वाटलं, चुकून लागला.
मुरलीधर करडे. वय ब्याऐंशी. दारातच उभे.
"आवाज कमी. आत ये. कडी लाव."

मागच्या मोरीत बंब.
तांब्याचा, कमरेएवढा, तोटी पितळेची,
आणि राखेतून वाट काढत
भोकाकडे गेलेला पाण्याचा लांब ओघळ.

"नवा गिझर बसवायचाय ना?"
"तू आधी हा बघ."
"काका, हे काम माझं नाही. तुमचं."
त्यांनी हात पुढे केला.
पाणी उकळायच्या जरा आधी झाकणी थरथरते,
बोटं तेवढीच थरथरत होती.

"मग समोरचं दुकान? या गल्लीत दगड भिरकावला
तर तांबटालाच लागेल."
ते गप्प. मग बंबालाच सांगितल्यासारखं:
"परवा पाणी न भरताच पेटवला मी."

एवढंच? मला काही कळेना.

"अरे गिझर," (शेवटपर्यंत ते मला गिझरच म्हणाले)
"डाग म्हणजे काय? कथील.
ते विस्तवापुढे टिकतं होय?
पलीकडे पाणी असतं म्हणून टिकतं.
साठ वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगून पाठवलं,
आधी पाणी, मग विस्तव.
आणि आता गल्लीत जाऊन सांगू, की करड्यांनीच..."

मी बंब आडवा केला.
जाळी काढली, नळीतली राख झटकली,
सांधा चिंचेने घासला, तांबं लालबुंद होईतो.
त्यांनी नवसागराची पुडी दिली,
माझा गॅसचा टॉर्च पाहून नाक मुरडलं:
"घाई आहे या आगीला."

पहिला डाग गोळी होऊन घरंगळला.
दुसराही.
तिसऱ्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं.
आता दोघांचे हात थरथरले,
मग कमी थरथरले,
आणि कथील सांध्यात पसरत गेलं, पसरत गेलं,
गोल फिरून स्वतःलाच भेटलं.

पाणी भरलं. वीस मिनिटं बसून राहिलो.
बुडाशी बोट फिरवलं. कोरडं.
एका जागी किंचित ओल.
"माझा घाम असेल," मी म्हणालो.
"घाम कसला. पाझरतंय ते," ते म्हणाले,
"राहू दे. चार दिवसांत क्षार धरेल, बुजेल.
तुझ्या कॉइलचा वैरी तो. याचा मिस्त्री."

गिझरही बसवला.
पुण्याच्या मुलाने पाठवलेला, पंधरा लिटर,
खोका दिवाळीपासून तसाच.
"काका, बंद करायचं राहिलं तरी हा आपोआप बंद होतो."
"विसरणाऱ्यांसाठी केलाय म्हण की,"
आणि पहिल्यांदा हसले. दात नव्हते फारसे.

बिलबुकात लिहिलं: गिझर फिटिंग, साडेतीनशे.
खालच्या ओळीवर पेन थांबलं.
डाग लिहिलं तर कुणीतरी वाचणार.
किरकोळ, लिहिलं. पुढे रक्कम नाही.

बाहेर गाडी वळवताना
समोरच्या दुकानातली ठोक थांबली.
"काय रे, करड्यांकडे काय बिघडलं?"

गिझर, म्हणालो,
आणि किक मारली.