परस

नोटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
माझी बोटं मोजत राहिली.
बंडलात एक कमी असली
तर अंगठ्याच्या कातडीला आधी कळायचं.
आता त्याच बोटांना बेंडकोळी मास्तर
दोराची गाठ शिकवताहेत.
"म्हशीच्या दाव्यासारखी मारा.
ताणली की आवळली पाहिजे,
म्हैस बिथरली की एका हिसक्यात सुटली पाहिजे."
मी म्हैस कधी बांधली नाही.
नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये आम्ही फक्त सायकल बांधायचो,
कुलपाने.

गंगापूर धरणावर आम्ही पाच जण शिकाऊ.
त्यातला ओझरचा राजोळे विमानं जोडतो
आणि गुडघाभर पाण्यात डोळे मिटतो.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी नाव मुद्दाम उलटवली.
"चालवायची कशी ते नंतर.
आधी पालथी कशी होते ते बघा."
जानेवारीचं पाणी. दातांवर दात.
जाकिटाने मला बुचासारखं वर फेकलं
आणि मी काठाकडे हात मारू लागले.
इतका जवळ होता काठ,
टपरीवरच्या स्टोव्हची फुरफुर ऐकू येत होती.
"बाई! काठ खोटं बोलतो!
नावेला धरा. पालथी झाली तरी नावच आहे ती."

मग एकेक.
नावेत उभं राहून जागा बदलायची नाही.
शिट्टी गळ्यात, खिशात नाही. तीनदा वाजवली म्हणजे या.
दुपारी त्र्यंबकच्या डोंगराकडून वारा उतरतो,
जाताना वाऱ्यावर तोंड ठेवा, येताना तोच घरी आणतो.
आणि विसर्गाचा भोंगा झाला
की भिंतीच्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही.
तुम्ही गावातली माणसं पूर मोजता
मारुतीच्या गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर.
इथं मोजायला मारुती नाही.

निघण्याआधी वहीत सही.
नाव, रक्तगट, नावेचा नंबर
आणि शेवटच्या रकान्यात: परत कधी?
मी पेन धरून थांबले.
कारखान्यातून सुटताना रोज झडती व्हायची,
काय घेऊन चाललात ते विचारायचे.
परत कधी, हे ह्यांच्यामागे
गेल्या सहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
साडेपाच, असं लिहिलं.
अक्षर जरा वाकडं आलं.

नकाशा मास्तरांनी स्वतः काढलाय.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, निळ्या बॉलपेनने,
वर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवून.
दर मे महिन्यात पाणी ओसरलं की ते चालत जातात,
पावलांनी तपासून येतात
आणि फुल्या खोडून नव्या करतात.
इथं चिंचेचं खोड, नांगर टाकू नका, अडकेल.
इथं विहीर. इथं गडगा, उन्हाळ्यात नावेचा तळ घासतो.
खोली परसात लिहिलेली:
तीन परस, सात परस, अकरा.
एका जागी नुसतंच 'परस'.

"मास्तर, इथं आकडा राहिलाय. किती परस?"
"ते माप नाही.
ते परस आहे. आमचं. घरामागचं."
चहा फुंकत म्हणाले,
"शेवगा होता. आई तिथं भांडी घासायची.
मी पाच वर्षांचा. मला एवढंच आठवतं, राख आणि शेवगा."
मग पेला उपडा ठेवून,
"वारा वाढतोय. चला."

परतताना मी तिथून गेले.
नकाशा मांडीवर, ऊन तिरपं,
पाणी जसं सगळीकडे तसंच तिथं.
काय करावं कळेना.
कोणाच्या परसातून जाताना
आपण पावलं हळू टाकतो, तशी
वल्ही उचलून धरली.
दोन थेंब. मग आणखी दोन.
नाव आपोआप आडवी झाली, लाट बगलेत बसली,
जाकिटापर्यंत भिजले मी.

काठावरून शिट्टी. एकदाच.
घोटाभर पाण्यात उभे होते मास्तर,
एका हातात वही.
"वल्ही का उचलली?
वाऱ्यात वल्ही उचलायची नसतात!
किती वेळा सांगितलं?"
मी काही बोलले नाही.
पाच चाळीस झाले होते.
त्यांनी माझ्यादेखत साडेपाच खोडलं
आणि खरी वेळ लिहिली.