एकशेऐंशी दाणे

ऑक्टोबर उजाडला की माझ्या दुकानात
पुरुषांचे आवाज चढतात.
खिळे, बिजागऱ्या, मेंढ्यांचं औषध,
त्यांच्या मागच्या फळीवर काडतुसांची खोकी,
आणि ज्याला त्याला सगळ्यात मोठं हवं:
मॅग्नम काढ, ऑर्व्हिल,
या डोंगरावरून त्या डोंगरावरचा एल्क पाडतो.
मी काढून देतो. दुकान आहे, चर्च नाही.

पण एकतीस वर्षं पाहतोय:
दस्त्याच्या धक्क्याचा खांद्याने धसका घेतला
की डोळा आधी मिटतो, ट्रिगर मागाहून दबतो,
आणि मिटल्या डोळ्याची गोळी
कितीही महागाची असो, आंधळीच.

ब्रिन ओडेगार्ड आली मंगळवारी, गिऱ्हाईक नसताना.
वय सतरा. घोंगडीत गुंडाळलेली आईची रायफल.
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,
यंदा डोंगर हिला एकटीला.
कोटाच्या खिशातून तिनं पाच काडतुसं काढली,
तीन जातींची, एकावर हिरवट डाग.
"यातली कुठली चालतील?"
एकही नाही, म्हटलं.
चष्मा लावून नळीवर कोरलेलं वाचलं,
मग तिला वाचायला लावलं, मोठ्यानं.
नळीवर जे, तेच खोक्यावर. आकडा न् आकडा.
बाकी सगळी मतं. नियम हा एवढाच.

"किती लांबून मारणार?"
"जाता येईल तितकं जवळ जाऊन."

तिनं विचारलं नव्हतं, तरी मी सांगत सुटलो
अठ्ठ्याऐंशी सालचं:
हरणासाठीची हलकी गोळी होती माझी, वेगवान, स्वस्त.
नराच्या फऱ्याच्या हाडावर आपटली
आणि ढेकळासारखी फुटली. आत गेलीच नाही.
तो उतारानं ॲस्पेनच्या रानात शिरला.
बर्फावर आधी थेंब, मग ठिपके,
मग नुसता संशय.
तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांनी जागा दाखवली.
मांस वाया गेलं होतं.
मी तिथंच बसून सँडविच खाल्लं,
कारण भूक लागली होती.
त्या सँडविचची मला अजून लाज वाटते,
गोळीइतकीच.

ती काही बोलली नाही. बरं झालं.

शिसं की तांबं?
शिसं छान फुलतं, पण चुरा सांडत जातं,
आणि आपण आतडी टाकून निघालो
की तिथं गरुड जेवायला उतरतात.
मान टाकून बसलेला असला एक गरुड
माझ्या मेहुणीनं टॉवेलात धरून आणला होता.
वाचला नाही.
तांबं एकसंध राहतं, खोल जातं.
खिशातही खोल जातं, तेही सांगितलं.

खोकं ठेवलं: एकशेऐंशी ग्रेन.
"ग्रेन म्हणजे?"
दाणा. कुणी एके काळी धान्याशी तोललं असेल.
एकशेऐंशी दाणे,
बशीत ओतले तर तळसुद्धा झाकायचा नाही.
ती टिपेत मिळालेल्या एकेक डॉलरच्या नोटा
सरळ करून मोजत होती.
मी म्हटलं, आधी कागदावर मार, याच खोक्यातली.
आणि तो उभा दिसला तर पुन्हा मार,
पहिली नीट लागली असं वाटलं, तरीही.

नोव्हेंबर सरता सरता आली.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मांस, माझ्यासाठी,
आणि मुठीत ती गोळी:
चार पाकळ्या मागे वळलेल्या,
पलीकडच्या कातड्याखाली अडकलेली सापडली म्हणे.
"दोन लागल्या," तिनं सांगितलं,
काच फोडल्याची कबुली द्यावी तसं.
"एक आरपार गेली."
"पळाला?"
"पहिल्यानंतर चार पावलं. मग नुसता उभा. म्हणून दुसरी."

बारूद तोलायचा काटा काढला, फुंकर मारली,
गोळी ठेवली.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
दोघंही काटा हलायचा थांबेपर्यंत पाहत राहिलो,
मग आणखी थोडा वेळ.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.
मेंढ्यांचं औषध आलंय का, कुणीतरी विचारलं.