एक सळई, अखंड

रायाच्या बापानं मस्कतहून पेटी आणलीय.
आत निळी मखमल, प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खड्डा,
तीन तुकड्यांची ॲल्युमिनियमची सळई,
ब्रश सात, बाटल्या दोन.
"मिस्त्री, पूर्ण आहे ना?"
पूर्ण आहे, म्हटलं. जरा जास्तच पूर्ण आहे.

सोहारच्या क्लबात दुपारी कुणी नसतं.
समुद्रावरून दमट हवा येते, मीठ घेऊन येते,
वाळू तर विचारूनही येत नाही.
दुर्महंमद बाकावर झोपलाय, तोंडावर टोपी.
मी पोरीची रायफल लाकडी पाळण्यात ठेवतो,
बोल्ट काढतो,
आणि नळीतून पलीकडे बघतो:
पाच पॉइंट सहा मिलिमीटरची दुपार.

ॲल्युमिनियम मऊ, पोलादाला जपेल,
असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटलं होतं.
पण मऊ असतं तेच वाळूला जागा देतं.
एक कण रुतला
की सळई राहत नाही, कानस होते.
शिवाय तीन तुकडे म्हणजे दोन सांधे,
आणि सांध्याची कड
आतले आटे खरवडत जाते.

बावीसची गोळी गरीब. शिसं, वर मेणाचा हात.
तिनं नळीचं काय बिघडणार!
हजारो गोळ्या पचवून नळी ठणठणीत असते,
मरते ती साफ करणाऱ्याच्या हातून.

खडकीच्या कारखान्यात मी अठरा वर्षं लेथवर होतो.
चकाकलं म्हणजे झालं, एवढंच शिकलेलो.
इथं आल्यावर पहिल्या वर्षी
हमूदची रायफल मी अशीच चकाकवली:
रोज, तोंडाकडून सळई घालून,
मागंपुढं, मागंपुढं,
लोणच्याची बरणी घासावी तशी.
महिन्या-दोन महिन्यांत त्याचे नेम पांगले.
दहाचे नऊ, नऊचे सात.
प्रशिक्षक म्हणाले, पोराचं लक्ष नाही.
मी तिथंच उभा होतो, हातात चिंधी.

आई म्हणायची, मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये.
तेव्हा ते आठवलं नाही.
की आठवलं, आणि गप्प बसलो?
हमूद आता बंदरात क्रेन चालवतो.
भेटला की छातीवर हात ठेवून विचारतो, मिस्त्री, बरा आहेस?
मी अल्हमदुलिल्लाह म्हणतो
आणि समोरच्या फळांच्या गाडीकडे बघत राहतो.

तर राया, ही सळई घे. माझी आहे.
अखंड, पोलादी, वर प्लॅस्टिकचा पातळ लेप,
मुठीत बेअरिंग, आट्यांबरोबर आपोआप वळते.
दर खेपेला पुसायची. दर खेपेला, कंटाळा आला तरी.
बोल्टच्या जागी हा गाइड बसव, मग सळई वाकणार नाही.
पेटीतलं पितळी टोक चालेल, ते ठेव.
नायलॉनचा ब्रश ठेव.
कांस्याचा मला दे, वर्षातून एकदा मागायला ये.
दोरीचा तो साप घाईच्या लोकांसाठी,
स्वतःचीच घाण पोटात घेऊन पुन्हा आत शिरतो.
चिंध्या विकत घेऊ नकोस.
माझा जुना बनियन आहे, शंभर वेळा धुतलेला,
त्याचे अंगठ्याच्या नखाएवढे चौकोन काप.
आणि नेहमी मागून पुढं,
गोळी जाते त्याच वाटेनं.
नळीच्या तोंडाची कड म्हणजे गोळीला नळीचा शेवटचा शब्द.
तिथं टोक बाहेर पडलं की चिंधी उचलायची,
सळई हळू मागं.

पहिली चिंधी काळी येते. दुसरी काळी.
चौथी राखाडी.
"पांढरी येईपर्यंत?"
नाही. राखाडीवर थांब.
मग तेलाचा एक थेंब, हवेतल्या मिठासाठी.

तिला पटलेलं नाही. चौदा वर्षांच्या कपाळावर
बारीकशी आठी.
मी निळी पेटी बंद करायला वळतो.
दुर्महंमद कूस बदलतो.
पाठीमागं मुठीतलं बेअरिंग
फिरल्याचा आवाज येतो.
एकदाच.