पान सातवं, आवाज जोडा

मोबाइल उभा केलाय हजेरीपटाला टेकवून,
पुढे खडूचं खोकं, घसरायला नको म्हणून.
पडद्यावर कोरी पानं, प्रत्येक पानाखाली दोन बटणं :
चित्र जोडा. आवाज जोडा.
चौथीचा वर्ग गोष्ट बनवतोय, हरवलेल्या शेळीची.

शेळी कृष्णालीनं काढली, ती पाच पायांची झाली.
एक पाय शेपूट आहे म्हणाली. ठेवली तशीच.
आवाजाचं खातं जुबेर मुलाणीकडे :
टाकीच्या नळाची सूंसूं पकडून आणतो,
आटपाडी गाडीचं गिअर बदलताना खाकरणं,
चुलत्याचं ‘हुर्रर्र’.
शेजारच्या शेडमधले माग मात्र न बोलावता येतात
प्रत्येक पानात. खटाक खटाक.
आमची शेळी कुठेही हरवो, विट्यातच हरवते.

अन्विता निकम तिसऱ्या आठवड्यातही
बाकाच्या कडेला, कधीही उठायच्या तयारीत.
वडील गलाईवाले, त्रिशूरच्या एका बोळात सोनं आटवतात.
इथे घराचं बांधकाम काढलं, म्हणून आई आणि ती इकडे.
तिची मराठी घरातली, वाटीभर :
जेवलीस का, दार लाव, अ‍ॅसिडजवळ जाऊ नको.
पुस्तकातली मराठी
तिला अहो-जाहो करते.

सातव्या पानावर निळ्या तिरक्या रेघा.
हे काय, अन्विता?
पहिल्यांदाच बोलली.
‘मळा.’

वर्ग असा हसला की मोबाइल आडवा झाला.
अगं, मळ्यात विहीर असते, जुबेर समजावू लागला,
मोटर असते, कुत्रं असतं,
हा पाऊस आहे, पाऊस!
तिकडे पावसाला जवळपास असंच म्हणतात
हे मला रात्री कळलं. वर्गात नाही.
वर्गात मी नुसता तो शब्द टाइप केला
आणि यंत्रातल्या बाईला म्हटलं, वाच.

बाई म्हणाली : मला.
पुन्हा दाबलं. मला.
मला, मला, मला, जत्रेतल्या हट्टी पोरासारखी,
कुणी काही वाटतही नव्हतं.

अन्विता उठली. मोबाइलच्या इतक्या जवळ गेली
की काचेवर वाफ धरली.
जीभ मागे वळवली, टाळूला लावली, सोडली :
मळा.
लाल रेघ एकदा उंच उडाली आणि शांत झाली.
ज्या भाषेतून ती आली, तिच्या नावातच ळ आहे.
वर्ग पुन्हा हसला,
पण या वेळी बाईला.

तालुक्याच्या तक्त्यात एक रकाना असतो :
डिजिटल साधनांचा वापर, होय की नाही.
मी दर महिन्याला होय लिहितो.
कुणी कुणाला शिकवलं, एवढी जागा तिथे नसते.
आणि व्याकरणाचं म्हणाल, तर अजून
‘शेळी हरवला’ म्हणते ती. सांगतो. पुन्हा म्हणते.

गोष्टीची लिंक तिच्या वडिलांना पाठवली.
दोन दिवस काहीच नाही.
मग रात्री सव्वाअकराला एक आवाज आला, चौदा सेकंदांचा.
आधी ज्योतीची फुसफुस. ती थांबते.
शटर वर जातं.
आणि पत्र्यावर पडणारं पाणी, धो धो,
खानापूर तालुक्याला वर्षभर पुरावं असं.
एकही शब्द नाही. शेवटी घसा साफ केल्यासारखं काही,
बोलणार होता की काय माणूस.

मोठ्या सुट्टीत तिनं तो सातव्या पानाला जोडला.
चित्राखाली नाव लिहायची चौकट होती.
तिनं लिहिलं : मळा.
माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला, सवयीनं.
शुद्धलेखन बरोबर होतं.

शेळी अजून सापडायची आहे.
जुबेर म्हणतो, मळ्यात बघा.